कार्डावर आधी मशीन लिही

बाबू,

तुझा मेसेज रात्री वाचला. उत्तर तिथेच टाइप करायला घेतलं होतं, पण मोबाईलवर आटपणारं हे प्रकरण नाही, म्हणून कागद घेतला.

मला समजलं ते असं. सेफ्टी कमिटीवर कामगारांच्या बाजूनं युनियननं तुझं नाव दिलं. कंपनीनं प्रत्येक सदस्याला महिन्याला दहा निरीक्षण कार्डं, म्हणजे शॉपवर दिसलेल्या धोक्याची नोंद, भरायला लावली. प्रेस शॉपमधल्या मोठ्या भाऊंनी, दोन्ही हातांनी एकदम दाबल्यावरच प्रेस चालते त्या टू-हँड बटणांपैकी एक बटण पॅकिंग घुसवून कायमचं दाबून ठेवलं होतं, ते तू पाहिलंस आणि त्यांच्या नावानिशी कार्ड भरलंस. आठवड्याभरात त्यांच्या हातात कंपनीची चार्जशीट पडली. आता कॅन्टीनमध्ये तुझ्या टेबलाशी कोणी बसत नाही, युनियन ऑफिसात पाय ठेवला की "आला पाहा खबरी" ऐकू येतं, आणि सेक्रेटरी म्हणतात, कार्ड चुकून भरलं असं लिहून दे, विषय संपला.

तसं लिहून देऊ नकोस. बटण बांधलेलं होतं आणि ते तू पाहिलंस. आज मागे घेतलंस तर उद्या तुझ्या कोणत्याच कागदाला किंमत राहणार नाही, ना मॅनेजरपुढे, ना तुझ्या माणसांपुढे. शिवाय एकदा खोटं लिहून घेणारे पुढच्या वेळी आणखी मोठं खोटं मागतात. सेक्रेटरींवर माझा राग नाही. त्यांना एक माणूस वाचवायचा आहे आणि समोर जी वाट दिसली ती त्यांनी धरली. पण त्या वाटेनं भाऊ वाचत नाहीत. चौकशी अधिकारी विचारेल की सुपरवायझरनंही पाहिलं होतं का, आणि सुपरवायझर हो म्हणेल.

भाऊंना वाचवायची खरी वाट तुझ्या कार्डात जे आलंच नाही त्यात आहे.

तू लिहिलंस, "ऑपरेटरनं सुरक्षा साधन निकामी केलं." का केलं? तुझ्या मेसेजमध्ये त्याचं उत्तर अर्धं आहे. त्या डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, पार्ट अडकतो, असं तू ओघात लिहून गेलास. मी मेंटेनन्सला आयुष्य काढलं, म्हणून पुढचं मी सांगतो. पार्ट स्ट्रोकनंतर आपोआप बाहेर पडत नाही, म्हणजे पार्ट बाहेर ढकलणारा इजेक्टर नीट काम करत नाही किंवा हवेचा नोझल चुकीच्या कोनात आहे. मग ऑपरेटर एका हातानं चिमटा घालून पार्ट काढतो. दोन्ही हात दोन बटणांवर आणि पार्ट काढायला तिसरा हात, असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यात पाळीचं टार्गेट. प्रत्येक पार्टला दोनतीन सेकंद जास्त गेले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत माणूस मागे पडतो, आणि मागे पडला की सुपरवायझर येऊन उभा राहतो. तेव्हा एक बटण बांधलं जातं. सुपरवायझरला ते माहीत असतं. टार्गेट पूर्ण होतं तोवर त्याला ते दिसत नाही.

याचा अर्थ भाऊंचं बरोबर होतं असा काढू नकोस. ज्या हातानं ते पार्ट काढत होते त्याच हातावर प्रेस येणार होती. दोन बटणांमागचं गणित एवढंच आहे की रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा जड भाग, खाली येताना दोन्ही हात बाहेर गुंतलेले असावेत. एक हात मोकळा केला की ते संरक्षण उरत नाही. हे भाऊंना तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आणि म्हणूनच तू ते आधी त्यांना तोंडावर बोलायला हवं होतंस. "भाऊ, हे काढा, मी इथंच उभा आहे" एवढं. वयानं लहान असलास तरी कमिटीवर आहेस, तेवढा अधिकार तुला आहे. त्यांनी शिव्या घातल्या असत्या. घालू द्यायच्या. आपल्या नागपुरात शिवी घातल्यावर माणूस निम्मं काम ऐकतो.

कार्डाचा एक नियम मी पाळत आलो. कागदावर मशीन, जागा, अवस्था. माणसाचा वाटा त्याच्या तोंडावर. तुझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं. माणूस कागदावर गेला आणि मशीन तुमच्या चहावरच्या गप्पांत राहिलं. प्यायलेला माणूस प्रेसवर उभा असेल, किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतेल अशी मस्करी कोणी मुद्दाम करत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं काम थांबवायचं, सुपरवायझरला बोलवायचं आणि नावही सांगायचं. पण अशी वेळ विरळा येते. रोजचं प्रकरण पॅकिंग घुसवलेल्या बटणाचं असतं.

आता तू काय करशील? कमिटीच्या सचिवाला एक पुरवणी निवेदन दे. कार्ड मागे घेत नाही असं स्पष्ट लिही. त्याखाली लिही की अमुक क्रमांकाच्या प्रेसवर अमुक डाय लागल्यावर पार्ट अडकतो, ऑपरेटरला हात आत घालावा लागतो, इजेक्टरची तक्रार मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये आहे का ते तपासावं, इतर पाळ्यांतही बटण बांधलं जातं का ते पाहावं. जे तू स्वतः पाहिलंस तेवढंच ठामपणे लिही, बाकी प्रश्न म्हणून. प्रत युनियनला, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. चौकशीत भाऊंनी साक्षीला बोलावलं तर जा. कार्ड भरणाराच मशीनची अवस्था सांगतो आहे म्हटल्यावर त्या साक्षीचं वजन वेगळं असतं.

तुमच्या ट्रेनिंग रूममध्ये एक त्रिकोणाचं पोस्टर असेल, बहुतेक ठिकाणी असतं. खाली बारीक घटना, वर एक मोठा अपघात. त्याच्यासोबत ऐकवतात की अठ्ठ्याऐंशी टक्के अपघात कामगाराच्या असुरक्षित कृतीमुळे होतात. हा आकडा हाइनरिख नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसानं 1931 मध्ये मांडला. त्यानं कारखान्यांचे आणि विम्याचे अपघात अहवाल चाळले होते. ते अहवाल भरले कोणी? बहुतांशी सुपरवायझर आणि मालकांच्या माणसांनी. हात कापलेल्या माणसाला कोणी पेन दिलं नव्हतं. सुपरवायझर स्वतःविरुद्ध कशाला लिहील? पुढं जवळजवळ शंभर वर्षं तो आकडा भिंतीवर चढून बसला आहे, आणि तुझी दहा कार्डं त्यात भर घालतात. महिनाअखेरीस कंपनी त्यांचा तक्ता काढेल आणि म्हणेल, पाहा, तुमच्याच प्रतिनिधींनी लिहिलं आहे, बेशिस्त कामगारांचीच आहे.

म्हणून कार्डांचा कोटा हीच माझी पहिली तक्रार. दहा भरायची म्हटलं की विसाव्या तारखेपर्यंत कोणी हलत नाही आणि मग जो सापडेल त्याचं हेल्मेट लिहितो. सगळ्यात सोपं सापडतं कोण? ठेकेदाराचं पोरगं. बालाघाट-छिंदवाड्याहून आलेलं, युनियनचा मेंबर नाही, उलट बोलणार नाही, कॅन्टीनमध्ये तुझ्यावर बहिष्कार टाकू शकणार नाही. तुझी आजवरची कार्डं काढ आणि मोज, किती नावं परमनंट कामगारांची आणि किती ठेक्यावरच्यांची. मला आकडा सांगू नकोस, स्वतःच पाहा. भाऊंचं एक कार्ड गेलं तर सगळी युनियन पेटून उठली. त्या पोरांच्या कार्डांनी ऑफिसात एक खुर्ची तरी हलली का?

हे मी युनियनमधल्या आपल्या लोकांना तोंडावर बोललो आहे, म्हणून तुला लिहायला संकोच नाही. बटण बांधणाऱ्याची बाजू घेताना "आमच्या माणसाला हात लावायचा नाही" एवढ्यावर युनियन थांबली, तर ती मालकाचा इजेक्टरचा खर्च वाचवते. भाऊ सुटले, बटण बांधलेलंच राहिलं, टार्गेट होत राहिलं. यात नुकसान कोणाचं? आणि उद्या बोट गेलं तर कागद काय म्हणेल तेही ऐकून ठेव. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यापासून एक अपवाद चालत आला आहे. सुरक्षेचं साधन कामगारानं जाणूनबुजून काढलं किंवा धुडकावलं आणि त्यातून मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नाही, तर मालक भरपाईतून अंग काढून घेऊ शकतो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते सूत्र आहे. बोट जाणं पूर्ण अपंगत्वात मोडत नाही. ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेतला, कामगार असेल तर त्याची बाजू पुष्कळ बळकट असते, पण पगार एकवीस हजारांच्या वर गेलेले तुमचे जुने ऑपरेटर ईएसआयच्या बाहेर आहेत. भाऊही त्यातलेच असणार.

तू गेटवरच्या बोर्डाचंही लिहिलंस. 'अपघातविरहित दिवस' आणि पुढे आकडा. त्यावर थोडं जास्त लिहितो, कारण कामगारांना एकमेकांवर घालण्यात त्या बोर्डासारखं हत्यार मी दुसरं पाहिलं नाही.

मी होतो त्या कारखान्यात, नाव घेत नाही, आकडा ठरलेल्या टप्प्याला पोचला की खात्यातल्या प्रत्येकाला कुकर किंवा स्टीलचा डबा मिळायचा. टप्पा जवळ आला असताना ठेक्यावरच्या एका पोराच्या तर्जनीचं पुढचं पेर रोलरमध्ये गेलं. त्याला सोमवारीपेठेच्या ईएसआय हॉस्पिटलात न्यायला हवं होतं. नेलं एका खाजगी दवाखान्यात. नेणारे मॅनेजर नव्हते, खात्यातलीच माणसं होती, आपल्याच झेंड्याखालची. "काऊन बे, सगळ्याइचं नुकसान करतं का?" असं त्याला गाडीत ऐकवलं गेलं. दुखणं बरं होईस्तोवर हजेरी लागत राहिली, पगारही मिळाला. सगळे म्हणाले, कंपनीनं माणुसकी दाखवली. पुढे ठेकेदार बदलला. पोरगं ईएसआयकडे गेलं तेव्हा अपघात झाल्याचा कागदच नव्हता. तर्जनीचं एक पेर म्हणजे कायद्याच्या परिशिष्टात नऊ टक्के अपंगत्व. पूर्ण तर्जनी गेली तर चौदा, अंगठा गेला तर तीस. ईएसआयमध्ये त्या टक्क्यांवर जन्मभर दरमहा पैसे मिळतात. दुखणं चालू असतानाही कामावरच्या इजेसाठी सरासरी मजुरीच्या सुमारे नव्वद टक्के मिळतात. ते सगळं एका कुकरापायी बुडालं, आणि तो कुकरही त्या पोराच्या वाट्याला आला नाही, कारण तो ठेक्यावरचा.

ज्या नागपुरात एम्प्रेस मिलनं 1895 मध्ये, कायदा यायच्या कितीतरी आधी, अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली, त्याच नागपुरात हे. मिल 2002 मध्ये बंद झाली, आता तिथं मॉल आहे. असो.

बोर्ड काढा अशी मागणी केली तर लोक हसतील, म्हणून वेगळं माग. बक्षीस दिवसांवर नको, दुरुस्त केलेल्या धोक्यांवर द्या. खात्यानं महिन्यात किती धोके दाखवले आणि त्यातले किती बंद झाले, त्याचा बोर्ड लावा. मॅनेजर तरुण असेल तर त्याला हे आवडेलही, वरच्यांना दाखवायला नवीन काहीतरी मिळतं.

आणि कॅमेरे. शॉपवर हेल्मेट-गॉगल ओळखणारे कॅमेरे बसणार आहेत आणि युनियनमध्ये दोन तट पडले आहेत म्हणतोस. एक म्हणतात, फोडून टाकू. दुसरे म्हणतात, लपवायचं काही नसेल तर भीती कशाची. दोघांकडूनही मला फारशी आशा नाही. कॅमेरा फोडला तर एक माणूस घरी बसेल आणि आठवड्यात नवा कॅमेरा येईल. आणि लपवायचं काही नसलं तरी बाथरूमला किती वेळ गेलो हे कोणी मोजू नये, एवढी इज्जत कामगाराला असते. तुम्ही कॅमेरे बसण्याआधी लेखी घ्या: चित्रण कशासाठी, कोण पाहील, किती दिवस ठेवतील, हजेरी आणि शिस्तभंगासाठी वापरणार की नाही. आणि एक कलम हट्टानं घालून घ्या, की अपघात झाला तर आधीचं-नंतरचं पूर्ण चित्रण कमिटीतल्या कामगार प्रतिनिधींनाही दाखवायचं. या कलमावर कंपनी किती खळखळ करते ते पाहा, त्यावरून कॅमेरा कोणासाठी आहे ते कळेल. डोक्यावर हेल्मेट नाही हे कॅमेऱ्याला दिसतं. प्रेसच्या ब्रेकचं लायनिंग झिजलं आहे, ते त्याला दिसत नाही.

हेल्मेटवरून आठवलं. मे महिन्यातली कार्डं वेगळी काढून ठेव. इथं 2013 च्या मेमध्ये पारा 47.9 ला गेला होता, आणि तो वेधशाळेतला, सावलीतला आकडा. पत्र्याखाली, मशीन चालू असताना काय होत असेल ते तुला सांगायला नको. मेमध्ये हेल्मेट काढलेल्यांची कार्डं वाढतात आणि सेफ्टी ऑफिसर 'जागृती सप्ताह' घेतो. त्यापेक्षा शेडमध्ये चार ठिकाणी थर्मामीटर लाव आणि दुपारी दोनचा आकडा महिनाभर वहीत उतरव. जुन्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमापासून हवा आणि तापमान ही मालकाची जबाबदारी आहे. ती वही घेऊन मीटिंगला जा. छतावर पांढरा रंग, एक्झॉस्ट, पाळीची वेळ, प्यायला गार पाणी, जे मिळेल ते घे. हेल्मेटची कार्डं आपोआप कमी होतील आणि त्यासाठी कोणाचंही नाव लिहावं लागणार नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण युनियनमध्ये तुला कोणीतरी म्हणेलच की कमिटी म्हणजे मॅनेजमेंटची शोभा. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात सेफ्टी कमिटी आली, कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान. गंभीर धोका समोर दिसला तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवायचा हक्क तेव्हा धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांपुरता होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सुरक्षा संहितेत तो तिच्याखाली येणाऱ्या सगळ्याच आस्थापनांतल्या कामगारांना आहे. बाजारगावला डिसेंबर 2023 मध्ये स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जणांचा जीव गेला, तो रस्ता आपल्यापासून किती लांब आहे? कमिटी शोभेची राहते ती तिच्यावर बसलेला माणूस गप्प राहिला किंवा नुसती हेल्मेटं मोजत बसला तर.

पुढच्या मीटिंगसाठी तीन गोष्टी अजेंड्यावर घाल. इजेक्टर. कार्डांचा कोटा बंद. आणि जवळजवळ झालेल्या अपघाताची माहिती देणाऱ्यावर किंवा त्यात नाव येणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, नशा आणि मुद्दाम केलेला खोडसाळपणा सोडून, असा ठराव. तिसऱ्यावर अडेल. म्हणतील, नाव तर तुम्ही लिहीतच नाही, मग ठराव कशाला. सांग, तारीख आणि पाळी लिहिली की मस्टरवरून नाव निघतं. ठराव मिनिट्समध्ये आल्याशिवाय यापुढे कामगार प्रतिनिधी कार्ड भरणार नाहीत, हे युनियननं कंपनीला लेखी कळवायला हवं, तुझ्या एकट्याच्या तोंडी नको. सेक्रेटरींना हे काम दे. बोलणं सुरू करायला निमित्तही होईल.

कॅन्टीनचं म्हणशील तर बसणारे बसतील. दोन महिने लागतील, कदाचित जास्त. तू रोज त्याच टेबलावर बस, डबा घेऊन बाहेर झाडाखाली जाऊ नकोस.

भाऊंकडे मात्र आजच जा. घरी जा, शॉपवर नको, आणि वहिनींसमोर माफीबिफीचा मोठा कार्यक्रम करू नकोस. पुरवणी निवेदनाचा कच्चा मसुदा त्यांना वाचून दाखव आणि विचार, डायमध्ये हवेचा नोझल कुठून द्यायला पाहिजे. तीस वर्षं त्या प्रेसवर उभा असलेला माणूस आहे, टूलरूमवाल्यांना जमलं नाही ते त्याला माहीत असतं. चिडले तर ऐकून घे, सांगू लागले तर लिहून घे. रविवारी त्यांना घेऊन माझ्याकडे ये, जयताळ्याला. डायचं ड्रॉइंग मिळालं तर आण, नाहीतर मी कागद आणि स्केल काढून ठेवतो. चौकशीत कोण काय बोलणार तेही तेव्हाच ठरवू.

तुझा,
काका